पाठ्यपुस्तकातील मुशी : 'स्कोलिओडॉन' प्रकरणाची चिकित्सा आणि रिक्विएम शार्कांची उत्क्रांती

सारांश

भारतीय विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र अभ्यासक्रमात 'स्कोलिओडॉन' ही लहान मुशी अनेक दशके उपास्थिमत्स्यांचा आदर्श नमुना म्हणून शिकविली गेली. ही मुशी कार्कऱ्हिनिडी, म्हणजेच रिक्विएम शार्क, या कुलातील आहे. प्रस्तुत लेखात या पाठ्यपुस्तकी प्रकरणाची घडण, त्यातील नामविषयक गोंधळ, उत्क्रांतीची त्यातून सूचित होणारी मांडणी आणि तिचे शैक्षणिक परिणाम यांची चिकित्सा केली आहे. ज्या प्राण्याला 'आदिम' व 'प्रातिनिधिक' मानले गेले, तो वस्तुतः उत्तरकालीन कुलातील आणि त्या कुलातही अपवादात्मक ठरणारा प्राणी आहे, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मुशी, रिक्विएम शार्क, नमुनापद्धती, अपरा, उत्क्रांती, प्राणिशास्त्र अध्यापन

प्रस्तावना

गांडूळ, झुरळ आणि बेडूक यांच्याप्रमाणेच 'स्कोलिओडॉन' हे नाव भारतात प्राणिशास्त्र शिकलेल्या बहुतेक प्रत्येकाच्या स्मरणात असते. फॉर्मॅलिनचा वास, मेणाच्या थाळीत टाचण्यांनी पक्की केलेली करड्या रंगाची मुशी, कवटीतून मोकळ्या केलेल्या पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या मज्जा, आणि वहीतील नामनिर्देशित आकृती हा पदवी वर्गातील प्रात्यक्षिकाचा ठरलेला भाग होता. कोकण किनाऱ्यावर ज्या माशाला 'मुशी' किंवा 'मोरी' म्हणतात आणि जो कोळणींच्या टोपलीतून सहज घरी येतो, तोच मासा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लॅटिन नाव धारण करून येत असे.

एखादे प्रकरण इतका दीर्घकाळ टिकते तेव्हा ते केवळ माहिती देत नाही, ते जीवसृष्टीकडे पाहण्याची एक दृष्टीही देते. ही दृष्टी कोणती, ती आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर कितपत टिकते, आणि टिकत नसेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

नमुनापद्धतीची परंपरा

एका वर्गातील सर्व प्राणी शिकविणे अशक्य असल्याने त्या वर्गाचा एक प्रतिनिधी निवडून त्याचे सांगोपांग अध्ययन करावे, ही नमुनापद्धती टी. एच. हक्सले यांच्या अध्यापनातून रूढ झाली. त्यांनी एच. एन. मार्टिन यांच्यासह १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रात्यक्षिक जीवशास्त्राच्या पुस्तकाने तिला पाठ्यक्रमाचे रूप दिले. इंग्लंडमध्ये उपास्थिमत्स्यांचा प्रतिनिधी म्हणून तेथील किनाऱ्यावर मिळणारा 'डॉगफिश' हा छोटा शार्क निवडला गेला. ब्रिटिश अमदानीतील भारतीय महाविद्यालयांनी पुस्तकांबरोबर हा प्राणीही स्वीकारला. परिणामी मुंबई वा मद्रासच्या विद्यार्थ्याला पुस्तकात एक मासा आणि थाळीत दुसराच मासा अशी विसंगती सहन करावी लागे.

ही विसंगती दूर करण्याचे श्रेय लखनौ विद्यापीठातील के. एन. बहल यांच्या संपादनाखालील 'इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स' या मालेस द्यावे लागेल. भारतीय विद्यार्थ्याला भारतीय प्राण्याचे प्रमाणभूत वर्णन मिळावे, हा या मालेचा हेतू होता. मालेतील पहिला ग्रंथ बहल यांचाच, 'फेरेटिमा' या गांडुळावरील होता. दुसरा ग्रंथ १९२८ मध्ये निघालेला 'स्कोलिओडॉन'. तो लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयातील ई. एम. थिल्लयंपलम यांनी लिहिला. एका स्त्री प्राध्यापिकेने भारतीय समुद्रातील माशावर लिहिलेला हा ग्रंथ त्या काळाचा विचार करता शैक्षणिक स्वावलंबनाचे एक महत्त्वाचे पाऊल होते, यात शंका नाही. पुढील दशकांतील असंख्य पाठ्यपुस्तकांमधील मुशीचे प्रकरण याच परंपरेतून आले.

परंतु येथेच एक सूक्ष्म गोष्ट घडली. प्राणी बदलला, पण त्याची भूमिका तीच राहिली. युरोपीय डॉगफिश अंडी घालणारा आहे, तर स्कोलिओडॉन गर्भाशयात अपरेच्या साहाय्याने पिल्ले पोसणारा आहे. या दोन प्राण्यांत प्रजननाच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. तरीही 'साधा, आदिम, निम्न पृष्ठवंशी' हे डॉगफिशसाठी शिवलेले वस्त्र जसेच्या तसे स्कोलिओडॉनला चढविले गेले. दोष मूळ ग्रंथाचा नाही. शारीररचनेचे काटेकोर वर्णन करणे हे त्याचे कार्य होते. दोष त्या वर्णनाला शिडीच्या पहिल्या पायरीवर नेऊन ठेवणाऱ्या उत्तरकालीन पाठ्यपुस्तकी परंपरेचा आहे.

नावाचा प्रश्न

या प्रकरणाची पहिली अडचण खुद्द नावाशी निगडित आहे. पॅट्रिक रसेल यांनी विशाखापट्टण येथे जमविलेल्या दोनशे माशांची वर्णने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांत स्थानिक नावे जपून ठेवली. 'सोरा' हा दक्षिणेकडील मुशीवाचक शब्द अशा वर्णनांतून शास्त्रीय नामावलीत शिरला. त्यातूनच 'सोराकोवा'सारखी जातिनामे बनली. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी 'स्कोलिओडॉन' हे वंशनाम व 'लॅटिकॉडस' हे जातिनाम प्रचारात आणले.

भारतीय पाठ्यपुस्तकांत मात्र 'स्कोलिओडॉन सोराकोवा', 'स्कोलिओडॉन वालबीमी', 'स्कोलिओडॉन पॅलासोरा' अशी नावे दीर्घकाळ नांदली. व्ही. जी. स्प्रिंगर यांनी १९६४ मध्ये या वंशांचे पुनरीक्षण केले. तेव्हा 'सोराकोवा' म्हणून ओळखली जाणारी मुशी म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडसच असून 'वालबीमी'सारखी नावे धारण करणारे मासे 'ऱ्हायझोप्रायोनोडॉन' या वेगळ्याच वंशातील आहेत, हे स्पष्ट झाले. पुढे २०१० मध्ये व्हाइट, लास्ट आणि नेलर यांनी पश्चिम प्रशांत महासागरातील मुशी वेगळ्या जातीची असल्याचे दाखविले. त्यामुळे 'लॅटिकॉडस' हे नाव हिंदी महासागराच्या उत्तर भागातील मुशीपुरते सीमित झाले.

हा केवळ लेबल बदलण्याचा प्रश्न नव्हे. दोन वंशांतील माशांना एकच नाव देऊन त्यांचे एकाच प्रकरणात वर्णन केले जाते, तेव्हा विद्यार्थी जो मासा कापतो त्याचेच वर्णन तो वाचत असेल याची हमी राहत नाही. अंड्याचा आकार आणि गर्भपोषणाची रीत या बाबतींत तर हे दोन वंश परस्परांपासून खूपच भिन्न आहेत. नमुनापद्धतीचा सारा भर अचूकतेवर असताना नमुन्याची ओळखच सैल राहावी, ही या परंपरेतील गंभीर उणीव होय.

कुलाच्या लौकिक नावाचीही कथा अशीच आहे. 'रिक्विएम' हा शब्द फ्रेंच 'रकँ' या मुशीवाचक शब्दाशी जोडला जातो. त्या शब्दाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. मृतात्म्यांसाठी केल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनेशी त्याचा संबंध जोडणारे स्पष्टीकरण अधिक प्रसिद्ध झाले, कारण ते माणसाच्या भीतीला सोयीचे होते. एका कुलाच्या नावावर माणसाच्या मृत्यूची छाया पडावी आणि त्याच कुलातील छोट्या मुशीला प्रयोगशाळेत निरुपद्रवी 'प्रकार' मानले जावे, या दोन टोकांच्या मध्ये खरा प्राणी हरवून जातो.

शिडी की वृक्ष?

पाठ्यपुस्तकांतील पृष्ठवंशी प्राण्यांचा क्रम सर्वपरिचित आहे : अँफिऑक्सस, स्कोलिओडॉन, बेडूक, सरडा, कबूतर, ससा. या क्रमाने हृदय, मेंदू, धमनी-कमानी आणि मूत्रजनन संस्था यांची तुलना केली जाते. मुशीचे हृदय दोन कप्प्यांचे, बेडकाचे तीन, कबुतराचे व सशाचे चार, अशी चढती मांडणी विद्यार्थ्याला पाठ होते. तुलना म्हणून यात गैर काही नाही. परंतु ही मांडणी नकळत वंशावळीचे रूप घेते. मुशी ही सशाची पूर्वज नसून त्याची दूरची भावंड आहे, दोघांच्याही मागे तितकाच दीर्घ इतिहास आहे, ही उत्क्रांतिविचारातील मूलभूत गोष्ट त्यात झाकोळते.

जीवाश्मांची साक्ष येथे निर्णायक ठरते. मुशींच्या व्यापक शाखेचा इतिहास ४० कोटी वर्षांहून मागे जातो, हे खरे. पण आज जिवंत असलेल्या मुशींची कुले तेवढी जुनी नाहीत. कार्कऱ्हिनिफॉर्मिस हा गण ज्युरासिक काळात दिसू लागतो. त्यातील कार्कऱ्हिनिडी कुलाचा खरा विस्तार इओसीन युगात, म्हणजे सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी व त्यानंतर झाला. सस्तन प्राण्यांचे आधुनिक गण विस्तारत होते तोच हा काळ होय. याउलट उडी मारण्यास योग्य शरीररचना असलेल्या बेडकांचे जीवाश्म सुरुवातीच्या ज्युरासिक काळातील खडकांत सापडले आहेत. म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या शिडीवर मुशीच्या वर बसविलेला बेडूक हा शरीरयोजनेच्या दृष्टीने रिक्विएम शार्कांपेक्षा कितीतरी जुना आहे.

उपास्थीचा सांगाडा हा मुशीच्या 'आदिमते'चा सर्वांत प्रबळ पुरावा मानला जाई. हाड ही नंतरची प्रगती, म्हणून हाड नसलेला प्राणी मागासलेला, असा हा सरळ युक्तिवाद होता. मंगोलियात सापडलेल्या 'मिंजिनिया' या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मुशी आणि अस्थिमत्स्य यांच्या शाखा वेगळ्या होण्यापूर्वीच्या गटातील या माशात अंतःउपास्थीय हाड आढळले. त्यामुळे मुशींच्या पूर्वजांत हाड होते आणि ते पुढे लोप पावले, ही शक्यता बळावली. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा येथील 'ओझार्कस' या सुमारे ३२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या मुशीसदृश माशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्याच्या कल्ल्यांच्या कमानी आजच्या मुशींपेक्षा अस्थिमत्स्यांशी अधिक जुळतात. दोन्ही पुराव्यांचा निष्कर्ष एकच आहे : आजची मुशी ही प्राचीन माशाची जतन केलेली प्रत नव्हे. तिनेही दीर्घ पल्ल्यात बरेच काही टाकले आणि बरेच काही नव्याने मिळविले.

हे नवे काय, ते पाहण्यासाठी पाठ्यपुस्तकी प्रकरणच पुरेसे आहे. डोळ्यावर खालून वर सरकणारे निमेषक पटल त्यात वर्णिलेले असते. आतड्यातील झडप ही डॉगफिशप्रमाणे जिन्यासारखी सर्पिल नसून कागदाच्या गुंडाळीसारखी असते, हेही सांगितलेले असते. ही दोन्ही लक्षणे कुलाच्या विशेषीकरणाची आहेत. पण प्रकरण ती 'लक्षणे' म्हणून नोंदवून पुढे जाते. ती केव्हा आली, का टिकली, कोणत्या आप्तांत आढळतात, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत.

लोरेंझिनीच्या कुंभिकांचे उदाहरण याहून बोलके आहे. मुशीच्या मुस्कटावरील या सूक्ष्म छिद्रांचे वर्णन स्टेफानो लोरेंझिनी यांनी १६७८ मध्ये केले. त्यांचे कार्य मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९३८ मध्ये अलेक्झांडर सँड यांनी त्या तापमानाला प्रतिसाद देतात असे दाखविले आणि अनेक पाठ्यपुस्तकांनी त्यांना 'उष्णताग्राही' म्हणून टाकले. १९६० मध्ये आर. डब्ल्यू. मरे यांनी त्या अत्यंत क्षीण विद्युतक्षेत्रालाही प्रतिसाद देतात हे सिद्ध केले. वाळूत दडलेल्या भक्ष्याच्या शरीरातून निघणाऱ्या विद्युतस्पंदनांवरून मुशी त्याचा ठाव घेऊ शकते, हे पुढील दशकात अॅड्रियानस कॅल्मिन यांच्या प्रयोगांनी दाखविले. तरीही 'उष्णताग्राही' हे उत्तर अनेक पुस्तकांत कितीतरी वर्षे टिकून राहिले. ज्या प्राण्याला आधीच साधा ठरविले आहे, त्याच्याजवळ माणसाला नसलेले एक ज्ञानेंद्रिय असेल याची शंका सहसा कोणी घेत नाही.

अपरेचा पुरावा

या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोठी उपेक्षा प्रजननाची आहे. काही मुशींची पिल्ले नाळेने मातेशी जोडलेली असतात, हे अ‍ॅरिस्टॉटलने नोंदविले होते. दोन सहस्रकांहून अधिक काळानंतर, १८४२ मध्ये योहानेस म्युलर यांनी या निरीक्षणाची शास्त्रीय पुष्टी केली. कार्कऱ्हिनिफॉर्मिस गणात तर गर्भपोषणाच्या सर्व अवस्था एकाच छत्राखाली पाहावयास मिळतात. कॅट शार्क अंडी घालतात. काही कुलांत अंडे मातेच्या शरीरातच उबते आणि पिल्लू पीतकावर वाढते. काही स्मूथहाउंड, बहुतेक सर्व रिक्विएम शार्क आणि हातोडीमासे यांच्यात पीतककोशाचेच रूपांतर अपरेत होते.

स्कोलिओडॉन या मालिकेच्या टोकाला आहे. तिचे अंडे अवघे एक मिलीमीटर व्यासाचे, म्हणजे मुशींतील सर्वांत लहान. त्यात पीतक जवळजवळ नसतेच. असा अगदी अल्प शिदोरीचा गर्भ फारच लवकर मातेच्या गर्भाशयभित्तीशी जोडला जातो आणि जन्मकाळी १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा होतो. या वाढीचा जवळजवळ सारा खर्च माता उचलते. जॉन वूर्म्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपरायुक्त जरायुजतेकडे जाणाऱ्या उत्क्रांतीच्या प्रवृत्ती या मुशीत कमाल मर्यादेस पोहोचल्याचे प्रतिपादन केले. माशांमधील सर्वाधिक विकसित अपरांपैकी एक शोधायची तर ती दूर कुठे नसून याच थाळीत होती.

या संदर्भात मुंबईचे योगदान विसरता येणार नाही. मुंबईच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी १९४० च्या दशकात मुंबईच्या समुद्रातील उपास्थिमत्स्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. 'सोराकोवा' या तत्कालीन नावाखाली याच मुशीचे वर्णन, जीवनक्रम आणि गर्भविकास यांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. बंदरावर उतरणाऱ्या मासळीतून उभे राहिलेले हे संशोधन होते. पाठ्यपुस्तकी प्रकरणाच्या रचनेवर मात्र त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. तेथे कपालमज्जांना पानेच्या पाने आणि अपरेला एक परिच्छेद असेच प्रमाण राहिले.

या प्रमाणामुळे एक मोलाची शैक्षणिक संधी हुकली. मुशीची अपरा पीतककोशापासून बनते, तर सशाची मुख्य अपरा जरायू आणि अपरापोषिका या वेगळ्या गर्भावरणांपासून. दोन्हींचे कार्य एक, उगम भिन्न. समरचना आणि अभिसारी उत्क्रांती यांतील भेद समजावून देण्यासाठी याहून उत्तम उदाहरण सापडणे कठीण. शिडीच्या पहिल्या आणि अखेरच्या पायरीवर ठेवलेल्या दोन प्राण्यांनी एकाच प्रश्नाला स्वतंत्रपणे सारखे उत्तर शोधावे, ही बाब शिडीची कल्पनाच मोडीत काढते. कदाचित म्हणूनच शिडीच्या आराखड्यात तिला जागा सापडली नाही.

एक प्रतिनिधी, साठ जाती

कार्कऱ्हिनिडी कुलात सुमारे ६० जाती मानल्या जातात. खुल्या महासागरात हजारो किलोमीटर भटकणारा निळा शार्क, उष्ण समुद्रातील पांढऱ्या पंखटोकांचा महासागरी शार्क, प्रवाळभित्तींवरचे शार्क आणि नद्यांत शिरणारा बुल शार्क हे सारे त्यात येतात. बुल शार्क गोड्या पाण्यात जातो तेव्हा त्याला रक्तातील युरिया व क्षार यांचा तोल नव्याने सांभाळावा लागतो. निकाराग्वा सरोवरातील शार्क ही वेगळी, कोंडलेली जात असल्याची समजूत होती. थॉमस थॉर्सन यांनी खुणा केलेल्या माशांच्या आधारे ते सान हुआन नदीमार्गे कॅरिबियन समुद्रात ये-जा करतात, हे १९७१ मध्ये दाखविले.

वर्गीकरणाचे चित्रही स्थिर नाही. लिओनार्ड कॉम्पॅन्यो यांच्या १९८८ मधील शारीराधारित ग्रंथाने या गणाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यानंतर डीएनए-आधारित अभ्यासांनी त्यातील काही रेषा पुसल्या. स्वतंत्र वंशात ठेवलेला निळा शार्क वस्तुतः 'कार्कऱ्हिनस' वंशाच्या फांद्यांमध्येच बसतो, असे दिसून आले. अपरा नसलेला वाघ-शार्क पूर्वी याच कुलात होता. आता तो वेगळ्या कुलात ठेवला जातो. अशा चल चित्रातून एक चौकट उचलून तिला 'प्रकार' म्हणणे ही सोय आहे. ते ज्ञान आहे असे समजणे ही गफलत आहे.

नमुनापद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद निश्चितच करता येतो. एका प्राण्याचे सखोल ज्ञान दहा प्राण्यांच्या उथळ परिचयापेक्षा श्रेष्ठ असते. हाताने केलेल्या विच्छेदनातून जे कळते ते आकृतीतून कळत नाही. हा युक्तिवाद मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की, सखोल ज्ञानात त्या प्राण्याचे वैशिष्ट्य आलेच पाहिजे. नमुना जेथे अपवाद आहे तेथे तो अपवाद आहे असे सांगितले गेले पाहिजे. दुसरी गोष्ट परिस्थितीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते थांबविण्याचे निर्देश दिले. मुशी थाळीतून गेली. जेथे प्रकरण उरले तेथे ते स्पर्शाशिवाय उरले. सहज उपलब्धता आणि हाताचा अनुभव ही निवडीची दोन्ही कारणे संपल्यावर पाठांतरासाठी उरलेल्या आकृतीचे समर्थन करणे अवघड आहे.

दृष्टीची किंमत

'कोट्यवधी वर्षे न बदललेला, चिवट, आदिम प्राणी' ही प्रतिमा निरुपद्रवी नाही. जे इतके टिकले ते पुढेही टिकेल, असा निष्कर्ष तीतून आपोआप निघतो. वस्तुस्थिती याउलट आहे. अपरेवर आधारलेले प्रजनन म्हणजे थोड्या पिल्लांवर मोठी गुंतवणूक. याच कुलातील डस्की शार्कला प्रजननक्षम होण्यास सुमारे वीस वर्षे लागतात. लाखो अंडी सोडणाऱ्या बांगड्याच्या हिशेबाने अशा माशाची मासेमारी करता येत नाही. १९७० नंतरच्या अर्धशतकात महासागरी शार्क व रे माशांची विपुलता सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे स्कोलिओडॉन पुन्हा अपवाद ठरते. कमाल लांबी ७५ सेंटिमीटरच्या आत, एक-दोन वर्षांत प्रौढत्व आणि वर्षातील बराच काळ प्रजनन यांमुळे तिने मासेमारीचा ताण कुलातील थोरल्यांपेक्षा अधिक सोसला. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आणि डोल जाळ्यांत ती आजही मिळते. डोल जाळ्यांत तर तिची पिल्ले मोठ्या संख्येने येतात. बाजारात तिला पाहून 'मुशी काही संपलेल्या नाहीत' असे म्हणणारा ग्राहक आणि तिलाच मुशींचा प्रतिनिधी मानणारे पाठ्यपुस्तक, दोघांची चूक एकाच जातीची आहे. दोघेही अपवादावरून नियम ठरवितात.

नियमाचे दर्शन घडविणारी घटनाही मुंबईतच घडली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉक येथे उतरलेल्या मासळीत गंगा शार्कची एक मादी आढळली. तिची लांबी सुमारे २६६ सेंटिमीटर होती. अतिसंकटग्रस्त असलेली ही जात याच कुलातील असून २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बुल शार्कशी असलेल्या साम्यामुळे ती ओळखणे सोपे नसते. ही नोंद २०१८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली ती बंदरावर मासे मोजणाऱ्या अभ्यासकांमुळे. कायद्यातील अनुसूचीला अर्थ प्राप्त होतो तो असा मासा ओळखणाऱ्या नजरेमुळे. ती नजर घडविणे हे प्राणिशास्त्र विभागाचे काम आहे.

ही गरज आता अधिक तीव्र झाली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील 'साइट्स' परिषदेने कार्कऱ्हिनिडी हे संपूर्ण कुल दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट केले आणि वर्षभरानंतर तो निर्णय अमलात आला. या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी तो व्यापार जातीच्या अस्तित्वास बाधक नाही, असा शास्त्रीय निर्वाळा आता आवश्यक आहे. तो देण्यासाठी जातिनिहाय नोंदी लागतात आणि नोंदींसाठी प्रशिक्षित माणसे लागतात. दहाव्या कपालमज्जेच्या शाखा बिनचूक सांगणारा, पण दोन मुशींतील फरक न ओळखणारा पदवीधर या कामी उपयोगी पडणार नाही.

निष्कर्ष

१. 'स्कोलिओडॉन'ची निवड ही भारतीय प्राण्याला भारतीय अभ्यासक्रमात स्थान देणारी, आपल्या काळात पुरोगामी ठरणारी निवड होती. मात्र तिला डॉगफिशची भूमिका देण्यात आल्याने तिचे स्वतःचे जीवशास्त्र झाकले गेले.

२. रिक्विएम शार्क हे आदिम नसून मुशींच्या वृक्षावरील तुलनेने अलीकडे बहरलेली शाखा आहेत. गर्भपोषण आणि जीवनक्रम या दोन्ही बाबतींत स्कोलिओडॉन त्या शाखेतही टोकाची आहे.

३. पाठ्यपुस्तकी प्रकरण कायम ठेवावयाचे असल्यास त्याचा मध्यबिंदू कपालमज्जांवरून अपरेकडे आणि शिडीवरून वृक्षाकडे हलविणे आवश्यक आहे. वैध जातिनाम, त्याचा इतिहास आणि कुलातील विविधता यांना त्यात स्थान असावे.

४. विच्छेदनाची जागा बंदरावरील निरीक्षणाने घेता येईल. किनारपट्टीवरील महाविद्यालयांना मासळी उतरण्याची ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे जाती ओळखणे, लांबी मोजणे, नर-मादी व वयोगट नोंदविणे यांसाठी एकही प्राणी मारावा लागत नाही. सेटना आणि सारंगधर यांनी मुंबईत सुरू केलेल्या कामाचे धागे तेथूनच पुन्हा जोडता येतील.

पाठ्यपुस्तकातील मुशी जवळजवळ शतकभर आडवी पडून आहे. तिच्या मज्जा मोजून झाल्या, आकृत्या काढून झाल्या. तिच्या उदरातील एक मिलीमीटरच्या अंड्याने मांडलेला उत्क्रांतीचा प्रश्न मात्र अध्यापनात अद्याप पुरता मांडला गेलेला नाही, आणि तो मांडण्याची जबाबदारी ते प्रकरण शिकविणाऱ्यांवरच आहे.